चिनी ‘तू’ : कसर, भुंगा की कीड?

प्रश्न : चिनी मजकुरात ‘तू-यू’ हा शब्द भेटला. ‘यू’ म्हणजे मासा, पण कोशात अर्थ दिलाय कागद खाणारा किडा. यातल्या ‘तू’ला मराठीत काय म्हणावं? कसर चालेल का?

उत्तर : ‘तू-यू’ला कसर अगदी चपखल. जुनं पुस्तक उघडलं की शिवणीतून सुळकन पळतो ना, तोच. चंदेरी, बिनपंखी, शेपटीकडे निमुळता. अंगावर खवले आणि चालही वळवळती, म्हणून मासा. जपानीत याला ‘शिमी’ म्हणतात, पण लिहिताना ‘कागद’ आणि ‘मासा’ ही अक्षरं घेतात.

नुसत्या ‘तू’ला मात्र सरसकट कसर म्हणू नका. हे २४ रेघांचं अक्षर आहे : खाली शेजारी शेजारी दोन किडे, वर उच्चार सुचवणारा भाग. इ.स. १००च्या सुमारास श्यू शन यांनी केलेल्या कोशात अर्थ आहे ‘लाकडातला किडा’. म्हणजे आपण लाकडाला भुंगा लागला म्हणतो, तो. कसर कागद वरवर खरवडते, खळ खाते. पुस्तकाला आरपार गोल भोक दिसलं तर ते भुंगेऱ्याच्या अळीचं काम. चिनी अक्षरात दोघंही मावतात.

हेच अक्षर जपानीत ‘तो’, कोरियनमध्ये ‘तू’, व्हिएतनामीत ‘दो’ असं वाचतात.

खरी कसोटी लागते हान फेई यांच्या लेखनात. इ.स.पू. २३३मध्ये वारलेल्या या विचारवंताचं ‘पाच तू’ नावाचं प्रकरण आहे. राज्य आतून पोखरणारे पाच वर्ग त्यांनी त्यात मोजले : जुन्याचे गोडवे गाणारे विद्वान, वाक्पटू, तलवारबहाद्दर, लष्करी सेवा चुकवणारे, व्यापारी-कारागीर. इथे कसरही नको, भुंगाही नको. ‘राज्याला लागलेली कीड’ म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. माझं मत ‘पाच किडी’ला.

प्रश्न : मग दाताची कीडही ‘तू’च का?

उत्तर : नाही, तिथे बोलीतलं दुसरं अक्षर येतं, ‘चू’; किडका दात म्हणजे ‘चू-या’. पण कल्पना आपलीच. जपानी ‘मुशिबा’, कोरियन ‘छुंगची’, व्हिएतनामी ‘साउ रांग’, तिन्हींत किडा आणि दात हेच दोन शब्द जोडलेत. आपणही दात किडला म्हणतोच की!

आणखी एक : वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहांत सापडलेले बरेच जुने कागद पिवळे आहेत, कारण किडीपासून जपायला ते एका झाडाच्या सालीच्या रंगात बुडवत. आमच्याकडे आजी पोथीच्या बासनात वेखंडाचा तुकडा ठेवायची.