‘व्हेंटिलेटर लावू का?’ – मोठ्या स्ट्रोकमध्ये ‘नको’ म्हणायला आपण कधी शिकणार?

जुना_बुधवार (धागाकर्ता):
गेल्या वर्षी माझे चुलते गेले. वय ७६. उजवं अंग आणि वाचा एका दमात गेली. मोठा स्ट्रोक: मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद. तिसऱ्या दिवशी मेंदूला सूज चढली, शुद्ध हरपली. रात्री दोनला आतून एक डॉक्टर बाहेर आले नि म्हणाले, "व्हेंटिलेटर लावू का? लवकर सांगा." बाहेर आम्ही नऊजण. कागलचे मामा लगेच पुढं झाले, "लावा साहेब. मागं-पुढं बघू नका, उसाचं बिल आलंय आत्ताच." झालं. त्यावर कोण बोलणार?

२३ दिवस आयसीयू. बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी. मग घरी सात महिने: नळी गळ्यात, नळी नाकात, नळी लघवीला. तीनदा न्यूमोनिया, तिसऱ्यात गेले. त्या सात महिन्यांत त्यांनी कुणाला ओळखलं असं मला एकदाही वाटलं नाही. डोळे पंख्यामागं फिरायचे, तेवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘वाचतील का?’ एवढंच आपण विचारतो, डॉक्टरही तेवढ्याचंच उत्तर देतात. वाचून कसे राहतील हे कुणी सांगत नाही. सत्तरीपुढं मेंदूचा मोठा भाग गेला असेल तर ‘नको, शांतपणे जाऊ द्या’ म्हणणं हे पाप नाही, आणि ते घरच्यांना मोकळेपणानं म्हणता आलं पाहिजे. मी त्या रात्री म्हणालो नाही. म्हणून हे लिहितोय.

गल्ला_आणि_खाता:
जुना बुधवार, तुमच्या दुःखाबद्दल काही बोलत नाही. पण हे वाचून उद्या कुणीतरी चुकीच्या माणसाला ‘नको’ म्हणेल.

माझा थोरला भाऊ. ४४ वर्षं, राजारामपुरीत दुकान. उजव्या मेंदूचा मोठा स्ट्रोक, डावं अंग पूर्ण लुळं. दुसऱ्या दिवशी सूज वाढायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कवटीचा एका बाजूचा तुकडा काढायचा, म्हणजे मेंदूला फुगायला जागा मिळेल. आई तर मटकन खालीच बसली. तो हाडाचा तुकडा त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला. साडेतीन महिने डोकं एका बाजूनं खोलगट. उठून बसला की आम्ही हेल्मेट घालायचो. मग हाड परत बसवलं. आज तो काठी घेऊन चालतो. डावा हात कामाचा नाही. पण सकाळी दहाला गल्ल्यावर बसतो आणि उधारी कुणाची किती, हे वही न उघडता सांगतो.

आकडे हवेत तर घ्या. साठीच्या आतल्या, ४८ तासांत अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा युरोपातल्या तीन चाचण्यांचा एकत्र हिशेब २००७ मध्ये आला. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरात ७८ जिवंत, न झालेल्यांत २९. आमच्याही गर्दीत ‘कशाला हाल करताय’ म्हणणारे दोन शहाणे होतेच.

जुना_बुधवार:
तुमच्या भावाबद्दल मनापासून आनंद आहे. पण मी सत्तरीपुढं असं लिहिलंय. साठीवरच्यांवर हीच शस्त्रक्रिया करून पाहिलेली जर्मनीतली चाचणी २०१४ ची आहे. त्यात जीव नक्की जास्त वाचले: वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरात ४३ मृत्यू, बाकीच्यांत ७६. पण स्ट्रोकनंतरची अवस्था ० ते ६ अशी मोजतात. ० म्हणजे ठणठणीत, ६ म्हणजे मृत्यू. त्या चाचणीत ०, १ किंवा २ वर एकही माणूस पोचला नाही. वाचलेले बहुतेक ४ आणि ५ वर. ४ म्हणजे आधाराशिवाय चालणं नाही, ५ म्हणजे अंथरुण आणि चोवीस तास कुणीतरी. माझे चुलते ५ होते. ५ म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

स्टेथो_आणि_सायकल:
मेडिसिनचा डॉक्टर आहे, कोल्हापुरातच. दोघांशीही थोडा असहमत.

पहिल्या दिवशी आम्हालाही खात्रीनं कळत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या (तोही स्ट्रोकच, पण रक्तवाहिनी फुटून झालेला) रुग्णांबाबत अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना असं सांगतात की रुग्णानं आधीच काही लिहून ठेवलेलं नसेल, तर निदान दाखल झाल्यानंतरचा दुसरा पूर्ण दिवस उजाडेपर्यंत उपचार आखडू नका. कारण साधं आहे. डॉक्टर म्हणाले ‘काही राहिलं नाही’, म्हणून नळ्या काढल्या, म्हणून पेशंट गेला. मग आपण म्हणतो, बघा, डॉक्टर बरोबर होते. भाकीत स्वतःलाच खरं करून घेतं. त्यामुळं धागाकर्त्यांचं ‘नको’ मला मान्य आहे, पण रात्री दोनला आणि पहिल्याच दिवशी नको. लावलेलं व्हेंटिलेटर ‘आठ दिवस बघू, मग पुन्हा बसून बोलू’ अशा बोलीवरही लावता येतं. ही बोली करायला मात्र आम्ही कमी पडतो, कबूल.

आणि का कमी पडतो तेही ऐका. बाहेर चाळीस माणसं उभी असतात. ‘वाचले तरी अंथरुणावरच राहतील’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्हाला करायचं नाही का?" आणि रिसेप्शनची फुटलेली काच कुणाच्या खिशातून येते, तेही मला ठाऊक आहे.

रात्रपाळी:
सिस्टर आहे, अकरा वर्षं. एक सांगते. ह्या चर्चेत सगळे ‘स्ट्रोकनं गेला’ म्हणताहेत. आमच्यासमोर पेशंट बऱ्याचदा स्ट्रोकनंतरच्या गोष्टींनी जातात. छातीत पाणी-अन्न उतरून न्यूमोनिया, कॅथेटरमुळं लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, माकडहाडावर आणि टाचेला जखम. यातलं सगळं टळत नाही, पण बरंच टळतं. दर दोन तासांनी कूस, डोक्याकडची बाजू वर, तोंड स्वच्छ, कॅथेटर गरज संपली की बाहेर. आणि गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडातून काहीही नाही.

हे शेवटचं माझ्या जिवावर येतं. गेल्या महिन्यात भेटीच्या वेळेत एक मावशी आल्या, हातात तांब्याची छोटी लोटी, अंबाबाईचं तीर्थ. पेशंटचा घसा लुळा पडलेला. मी वळेपर्यंत दोन चमचे तोंडात गेले. तो खोकलाही नाही. खोकला आला असता तर बरं झालं असतं. न खोकता आत उतरतं ते जास्त वाईट. दुसऱ्या रात्री ताप. मी मावशींना रागावले नाही, काय रागावणार? पण हात जोडून सांगते, तीर्थ कपाळाला लावा.

तेव्हा ‘वाचवायचं की नाही’ यावर भांडण्याआधी, वाचवलेल्याला सांभाळायची तयारी आहे का ते बघा. धागाकर्त्यांच्या चुलत्यांचे तीन न्यूमोनिया मला नशीब वाटत नाही.

जुना_बुधवार:
म्हणजे आम्ही नीट केलं नाही?

रात्रपाळी:
तसं म्हटलं नाही दादा. तुम्हाला घरी पाठवताना कुणी शिकवलं का, हा माझा प्रश्न आहे.

चंदगडी:
शहरातली माणसं भांडताय बघून गंमत वाटली. आमच्याकडं ‘नको’ म्हणायला शिकवायची गरज न्हाई. आमी रोज म्हणतोय.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, बरोबर? आमच्या वाडीत माणसाच्या अंगावरनं वारं गेलं की पयला तास ‘पित्त असंल’ म्हणण्यात. दुसरा तास जीप शोधण्यात. मग कुणीतरी म्हणतंय, कबुतराचं रक्त चोळा, आणि खरंच चोळत्यात. तिथनं कोल्हापूर शंभराच्या वर किलोमीटर, पावसाळ्यात रस्ता तुमास्नी म्हाईत हाय. पोचतोय तवर इंजेक्शनची येळ गेलेली. मग आयसीयू. चार दिवसांनी पैसं संपलं की ‘स्वखुशीनं घरी नेतो’ म्हणून सही, आणि अँब्युलन्समधनं अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा) दाबत घरी. ह्यात खुशी कुठली? माझ्या काकीला असंच आणलं. सही मीच केली.

तुमच्या ‘शांतपणे जाऊ द्या’ला आमच्यात ‘परवडंना’ म्हणत्यात. एकाला त्यो हक्क वाटतोय, दुसऱ्यावर त्यो लादल्याला. असला धागा उद्या कुणी सरकारी आरोग्य योजनावाल्याला दाखवला तर म्हणंल, बघा, लोकांस्नीच नको हाय.

खडकलाट_वकील:
चंदगडींचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कायदा या दोन्हींत फरक करतो, निदान कागदावर. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ इच्छापत्राला (शुद्ध हरपल्यावर कुठले उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली. त्याआधी २०११ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या, कित्येक वर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात यावर पहिल्यांदा नीट चर्चा झाली होती. २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं सही पुरते. वेळ आली की दवाखान्याचं एक वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्हा आरोग्य यंत्रणेनं नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी मत शक्यतो ४८ तासांत द्यायचं. इच्छापत्र नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं हाच मार्ग आहे. ‘स्वखुशीनं घरी’ची सही म्हणजे हे नव्हे. त्यात कुणी काही तपासत नाही, वेदना कमी करायची सोय होत नाही, फक्त दवाखाना मोकळा होतो.

गल्ला_आणि_खाता:
वकीलसाहेब, माझ्या भावानं चाळिशीत इच्छापत्र केलं असतं तर ‘परावलंबी जगायचं नाही’ असंच लिहिलं असतं. धडधाकट माणूस काहीही लिहितो. ह्या शस्त्रक्रियेतून वाचलेल्यांना नंतर विचारलं, तर अपंगत्व असूनही बहुतेक जण ‘पुन्हा होच म्हणू’ असं सांगतात. हे संशोधनातही दिसलंय.

जुना_बुधवार:
ज्यांना सांगता येतं त्यांनी सांगितलं. माझ्या चुलत्यांना कोण विचारणार होतं? वाचा गेलेल्यांच्या वतीनं घरचेच बोलतात.

दुसरी_सून:
इतक्या प्रतिक्रिया वाचल्या. कागलचे मामा, उसाचं बिल, थोरला भाऊ, वकील. रात्री दोनला कोण हो म्हणालं ते कळलं. सकाळी सातला नळीतून कोण घालत होतं ते कुणी लिहिलं नाही.

माझे सासरे तीन वर्षं दोन महिने. नाकात रायल्स ट्यूब. पन्नास मिलीच्या पिचकारीनं आधी थोडं मागं ओढून बघायचं, आधीचं पोटात तसंच आहे का. मग नाचणीची आंबील किंवा डाळीचं पाणी, दोनदा गाळून. एकदा भाताची कणी राहिली आणि नळी चोंदली, तर रविवारी नळी बदलायला माणूस मिळेना. घातल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं. तोवर दुसरी वेळ आलीच. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. हे मला आठव्या महिन्यात कळलं, खांदा निखळल्यावर. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, ‘सून लक्ष्मी आहे’ म्हणायचे. नवऱ्याची बदली सांगलीला होती. माझी नोकरी होती, ती सोडली.

जुना बुधवार, तुमच्या सात महिन्यांत हे कुणी केलं?

जुना_बुधवार:
काकूनं. आणि चुलतभावाच्या बायकोनं.

स्टेथो_आणि_सायकल:
ताई, हे वाचून एक आठवलं, सांगू की नको असं वाटत होतं. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ ला प्रसिद्ध झाली. घरच्यांना व्यायाम-पुनर्वसन शिकवायचं, म्हणजे फिजिओ नसला तरी भागेल, अशी कल्पना. सहा महिन्यांनी बघितलं तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी शंभरात ४७. फरक शून्य. ‘घरचे बघतील’ यावर सरकारनं पुनर्वसन सोडून देऊ नये, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरी_सून:
म्हणजे मी केलं ते नसतं केलं तरी चाललं असतं?

स्टेथो_आणि_सायकल:
नाही ताई. तीन वर्षांत त्यांच्या पाठीला जखम झाली होती?

दुसरी_सून:
एकदाही नाही.

रात्रपाळी:
मग तुम्ही आमच्या वॉर्डला शिकवायला या.

चंदगडी:
जखम न्हाई म्हंजे लई झालं. काकीला अकराव्या दिवशीच झालती.

गल्ला_आणि_खाता:
काल रात्री दुकान बंद केल्यावर दादाला हा धागा वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतला. धागाकर्त्यांच्या चुलत्यांचं आलं तेव्हा म्हणाला, हेल्मेट घालून बसायचो तेव्हा मी पण पंखाच बघायचो, बाकी काही दिसायचं नाही. मी विचारलं, पुन्हा तशीच वेळ आली तर? मला वाटलं ‘कर की’ म्हणेल. थोडा वेळ गल्ल्याची किल्ली फिरवत बसला नि म्हणाला, "एकदा बास." का, ते विचारलं तर विषय बदलला.

माझं मत बदललेलं नाही. जे झालं ते लिहिलं.

दुसरी_सून:
त्यांना आंघोळ कोण घालतं?

गल्ला_आणि_खाता:
वहिनी.

दुसरी_सून:
तिला विचारलं का?

गल्ला_आणि_खाता:
नाही अजून.