मदत हवी आहे: १/६ शर्मन वळताना पट्टा उतरतो

नमस्कार मंडळी. नगरच्या रणगाडा संग्रहालयातून आल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. शेवटी दोन वर्षं खपून शर्मनचं (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा) एक-सहांश आकाराचं, रिमोटवर चालणारं मॉडेल उभं केलं. खरा साधारण ५.८४ मीटर लांब, म्हणजे माझा ९७ सेंटिमीटरच्या आसपास. प्लायवूड, ॲल्युमिनियम, दोन गिअर मोटर, २४ व्होल्ट. वजन ५० किलोच्या वर गेलंय (घरात उचलायला कोणी तयार नाही).

गच्चीवर लोण्यासारखा चालतो. मुरमावर जागच्या जागी फिरवला (एका बाजूचा पट्टा पुढे, दुसऱ्या बाजूचा मागे) की चाकांवरचा कड्यांचा पट्टा उतरतो, आणि दर वेळी मागे फिरणाऱ्या बाजूचाच. माझा अंदाज असा: शर्मनचं पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढच्या टोकाला. पुढे जाताना वरचा पट्टा ताणलेला राहतो. रिव्हर्सला ताण खाली जातो आणि वरचा भाग सैल पडून लोंबतो. तेवढ्यात एखादा खडा दात्यात अडकला की कट्‌ असा आवाज आणि खेळ खलास. काल तर कड्या जोडणाऱ्या दोन पिना वाकल्या.

मागचं आयडलर चाक (पट्टा ताणून धरणारं, मोटर नसलेलं) खऱ्यासारखंच एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या आसावर आहे, त्यामुळे ताण वाढवता येतो. पण वाढवला की मोटरी तापतात, मोटरींचा वेग सांभाळणारा कंट्रोलर बंद पडतो.

कोणी एवढा जड रणगाडा मातीत चालवलाय का? पट्टा वर किती सैल ठेवता? की रिमोटवरच वळताना रिव्हर्सचा वेग कमी करून ठेवू? नायलॉनच्या कड्या बदलून धातूच्या घ्यायच्या तर खिसा आधीच रिकामा झालाय.