४२९४९६७२९७ : सी म्हणतं बाकी ०, पायथन म्हणतं १

विषम_घात
फर्माच्या कसोटीचा प्रोग्राम लिहिलाय. स ही (२ सोडून) मूळ संख्या असेल तर २^(स−१) ला स ने भागल्यावर बाकी १ यायला हवी. स = ४२९४९६७२९७, म्हणजे २^३२ + १ घेतला. सी भाषेत (अनसाइन्ड म्हणजे ऋण नसलेला ६४-बिट पूर्णांक, वर्ग करायचा, लगेच बाकी घ्यायची) ० येतं, पायथन भाषेत १. पण ६४१ ने तर भाग जातो! म्हणजे सी बरोबर?

बाकीबाब
नाही, पायथन बरोबर. ० येणं शक्यच नाही; २ च्या घाताला १ पेक्षा मोठ्या विषम संख्येने निःशेष भाग जात नाही. प्रत्येक वर्गानंतरची बाकी छापून बघा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. ही पाचवी स पेक्षा १ ने लहान, म्हणजे −१ च. तिचा वर्ग बरोब्बर २^६४, आणि ६४ बिटांत मावतं ते २^६४ − १ पर्यंत. एकाने हुकलं! सगळं सांडून ० उरतं, पुढे शून्याचेच वर्ग. गुणाकारापुरतं १२८-बिट घ्या. पायथनशी ताडून पाहिलं नसतंत तर ‘संयुक्त’ हा बरोबर निकाल चुकीच्या वाटेने आलाय हे कळलंही नसतं.

विषम_घात
केलं. आता दोन्हीकडे १. पण स तर संयुक्त, मग कसोटीच फसली?

तीनचा_पाया
२ हा पाया (ज्याचा घात करायचा ती संख्या) घेतलात म्हणून. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १. स−१ = २^३२, त्याला ६४ ने भाग जातो, म्हणून १ येणारच. फर्माच्या प्रत्येक संख्येचं (२^(२^न) + १ अशी संख्या; तुमचा स त्यातलाच, न = ५) हेच होतं, त्यामुळे इथे २ वापरणं म्हणजे परीक्षाच न घेणं. पाया ३ घ्या: बाकी ३०२९०२६१६० यायला हवी. ती १ नाही, प्रश्न मिटला.

बाकीबाब
६४१ हातानेही सापडतो. या संख्येचा मूळ विभाजक १२८क + १ असाच असतो: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ ला बाकी २ उरते. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ च दाखवला. पडताळा भागाकाराशिवाय: ६४१ = ५×१२८ + १, म्हणून ५×२^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४×२^२८ ची १. पण ५^४ = ६२५ = ६४१ − १६, म्हणजे −२^४. म्हणून −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची ०, झालं.

स ला ६४१ ने भागून उरलेला विभाजक ६७००४१७ मूळ आहे. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यामुळे तिथपर्यंतचे १२८क + १ असे मूळ, म्हणजे ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच तपासायचे (२५७ वर बाद झालाच). बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२.

तीनचा_पाया
जाता जाता, दोनने मागे या: ४२९४९६७२९५ = ३×५×१७×२५७×६५५३७. पट्टी-कंपासने काढता येतो असा, आजवर माहीत असलेला, विषम बाजूंचा सर्वांत मोठा सुसम बहुभुज एवढ्याच बाजूंचा. आणि ३२-बिट अनसाइन्डची कमाल किंमतही हीच. तुमचा स त्या प्रकारात ठेवलात तर १ होऊन बसेल, तेवढं बघा.