असईचा हत्ती टोपीवरून उतरवायला नको होता

गडवाट:
हायलँड लाइट इन्फन्ट्री या ब्रिटिश सैन्यातल्या जुन्या स्कॉटिश पलटणीचा टोपीवरचा बिल्ला कुणी हातात घेतला असेल, तर वाचा. पांढऱ्या धातूचा तारा, मध्ये कर्णा, त्याच्या वेटोळ्यात एचएलआय ही अक्षरं, वर मुकुट आणि अगदी तळाशी 'असई' हे नाव व चिमुकला हत्ती. ही असई आपल्या जालना जिल्ह्यातली. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या तोफांनी ब्रिटिशांच्या 74व्या पलटणीची चाळण केली. जवळपास सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. त्या दिवसाखातर पलटणीला हत्तीचं मानचिन्ह मिळालं. 1881 मध्ये 74वी पलटण 71वीशी जोडून हायलँड लाइट इन्फन्ट्री झाली, तरी हत्ती टिकला. 1959 मध्ये रॉयल स्कॉट्स फ्युसिलियर्स या पलटणीशी पुन्हा विलीनीकरण झालं आणि तो टोपीवरून गेला. 2006 मध्ये तर स्कॉटलंडच्या जुन्या पायदळ पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये घालून सगळ्यांना एकच बिल्ला दिला. माझ्या मते हे सरळसरळ चुकलं.

पितळपारखी:
अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्याला परंपरा म्हणता तिचं वय तरी बघा. 1800च्या सुमारास शाको टोपीवर लांबून दिसेल असा पितळी पत्रा आला, त्यावर मान राजाच्या आद्याक्षरांचा. पुढे कित्येक वर्षं पलटणीची ओळख म्हणजे आकडा. 1881 मध्ये युद्धमंत्री चिल्डर्स यांच्या सुधारणांनी आकडे काढून परगण्यांची नावं दिली, तेव्हाही लोक असेच हळहळले. साध्या शिपायाच्या टोपीवरचा आपल्याला ठाऊक असलेला छोटा बिल्ला 1890च्या दशकातला. म्हणजे 1959 मध्ये हत्ती उतरला तेव्हा तो बिल्ला साठ-पासष्ट वर्षांचा होता. सैन्य लहान झालं की पलटणी एकत्र करणं भाग असतं. मग एका रेजिमेंटमध्ये पाच बिल्ले कशाला?

बखरवाचक:
वयाचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. 1916 मध्ये धातू वाचवायला दुरंगी बिल्ले नुसत्या पितळेत काढले, दुसऱ्या महायुद्धात तर प्लास्टिकचे आले. शिपायांनी ते निमूट लावले, कारण चित्र तेच होतं! धातू बदलणं वेगळं, चित्र पुसणं वेगळं. 1950च्या दशकाच्या अखेरीस सरकारने चित्रच बदललं आणि शेजारच्या पलटणींना मिळून एक ब्रिगेड-बिल्ला दिला. ग्लॉस्टरशायर या इंग्लिश पलटणीच्या टोपीवर पुढे वेसेक्स ब्रिगेडचा पंखवाला सर्प आला. पण मागच्या बाजूचा स्फिंक्स त्यांनी सोडला नाही. 1801 मध्ये अलेक्झांड्रियाला पुढून-मागून हल्ला झाला तेव्हा त्यांची 28वी पलटण पाठीला पाठ लावून लढली होती, त्याची ती खूण. ब्रिगेड-बिल्ले दहा-बारा वर्षांत गेले. स्फिंक्स आजही त्यांचा वारसा चालवणाऱ्या द रायफल्स या रेजिमेंटच्या टोपीवर मागे आहे.

रानपाखरू:
मला एक कळत नाही. असईला हरले ते शिंदे आणि नागपूरकर भोसले. तो हत्ती आपल्या पराभवाचा शिक्का आहे. तो गेला म्हणून मराठी माणसाने हळहळायचं कशाला?

गडवाट:
कारण तो शिंद्यांच्या पायदळाने दिलेल्या झुंजीचा शत्रूने स्वतःच्या कपाळावर लावलेला पुरावा आहे. त्या दिवशी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पडली, त्यातली चारशेच्या वर ठार. सोपा विजय मिळाला असता तर कुणी असं मानचिन्ह दिलं नसतं. आपल्याकडे असईचं नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. ग्लासगोचा पोरगा निदान टोपी पुसताना ते रोज वाचत होता.

पितळपारखी:
पोरगा वाचत होता, हे मानलं. पण लढायांची नावं भरायची जागा पलटणीचं निशाण आहे आणि तिथून असई कुणी काढलेली नाही. शिवाय 2006 मध्ये सगळं पुसलं असंही नाही. बिल्ला एक असला तरी प्रत्येक बटालियनचा तुरा वेगळा आहे, ब्लॅक वॉच या जुन्या स्कॉटिश पलटणीचा लाल तुरा तसाच ठेवला.

बखरवाचक:
तिथेच तर अन्याय झाला. ज्या बटालियनमध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा वारसा गेला, तिचा तुरा पांढरा, आणि तो फ्युसिलियर्सच्या बाजूने आलेला. ब्लॅक वॉचची खूण डोक्यावर राहिली, 74वीची राहिली नाही. ग्लॉस्टरवाल्यांसारखी मागच्या बाजूला नखाएवढी जागा हत्तीला द्यायला काय हरकत होती, ते सांगा.