गंधकाचं पाणी आणि खरूज

वज्रेश्वरी-अकलोलीच्या गंधकाच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडी मारली की खरूज जाते, हे आमच्या गिरगावच्या चाळीतही सगळ्या आज्या सांगायच्या. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. खरजेवर गंधकाचं मलम आजही देतात, पण त्यात गंधक पाच ते दहा टक्के असतं आणि ते सलग काही रात्री अंगाला चोळून ठेवावं लागतं. कुंडातल्या पाण्यात गंधक त्या मानाने अगदीच नगण्य असतं. कुजक्या अंड्यासारख्या वासाला हायड्रोजन सल्फाइडचा लेशही पुरतो, तेव्हा वास उग्र म्हणजे औषध जहाल, हा हिशेब चुकीचा.

सांधेदुखीचं म्हणाल तर गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, तेवढा आराम खरा. हे पाणी ज्वालामुखीने तापतं असंही कोणी म्हणतं, तर आता महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. कोकणातल्या उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, रांग थेट राजापूरपर्यंत आहे.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र जपावं, चटका कळत नाही. आणि खरूज असेल तर सगळ्यांच्या कुंडात उतरूच नका, बादलीने बाहेर अंघोळ करा!