'द ब्लॅक ॲडर'चा पहिला सीझन उगाच बदनाम आहे का?

मधलीसुट्टी
बीबीसीच्या या विनोदी मालिकेचा १९८३चा पहिला सीझन परवा पुन्हा पाहिला. सहाच भाग. 'खरी मजा दुसऱ्यापासून' असं जो तो सांगतो, मला पटत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड म्हणजे लंडनच्या टॉवर किल्ल्यात कोंडलेल्या पुतण्यांना मारणारा, अशी त्याची ख्याती; यातला मात्र प्रेमळ काका आहे, त्याने पुतण्यांना मारलेलंच नाही. १४८५ला बॉस्वर्थची लढाईही (जी खरी हेन्री ट्यूडरने जिंकली) तोच जिंकतो, पण पुतण्याचा बावळट पोरगा एडमंड गफलतीने त्याचंच मुंडकं उडवतो! मग तो पुतण्या चौथा रिचर्ड म्हणून गादीवर. हे इतिहासाच्या पुस्तकात का नाही? पुढे हेन्री ट्यूडरने ती १३ वर्षं खोडली म्हणून. इतका तिरकसपणा पुढच्या कुठल्या सीझनमध्ये आहे?

खुसपट
असहमत. ही गंमत पहिल्या भागातच संपते. नंतर उरतात चित्रीकरणाचा ॲल्निकचा किल्ला, घोडे आणि चौथा रिचर्ड झालेल्या ब्रायन ब्लेस्डचं ओरडणं. एडमंड मठ्ठ, त्याचा नोकर बॉल्ड्रिक त्याच्याहून हुशार. १९८६ला दुसऱ्या सीझनमध्ये बेन एल्टन लेखनात आला, चित्रीकरण स्टुडिओत गेलं, खर्च आटला आणि एडमंडला जीभ फुटली.

मधलीसुट्टी
ओरडणं हाच तर विनोद! हा चौथा रिचर्ड म्हणजे टॉवरमधला धाकटा पुतण्या; खरा राजपुत्र १४८५ला जेमतेम १२ वर्षांचा असता. इथे त्याला दाढी आणि दोन घोडमे मुलगे.

रात्रपाळी
विनोद बाजूला ठेवा. रिचर्डला खलनायक केलं ते ट्यूडरांच्या काळातल्या लिहिणाऱ्यांनी आणि मग शेक्सपिअरने. आपले बखरकार तरी धन्याला दुखवून कुठे लिहीत होते? २०१२ला लेस्टरच्या पार्किंगखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कणा वाकडा होता, पण शेक्सपिअरने चिकटवलेला वाळका हात काही निघाला नाही. आणि याच मालिकेच्या श्रेयनामावलीत 'अतिरिक्त संवाद' म्हणून शेक्सपिअरचं नाव आहे!

खुसपट
श्रेयनामावलीला हसलो, मान्य. पण म्हणून मालिका हसवते असं नाही. आर्चबिशपचा भाग तेवढा वगळतो. मरणारे सरदार नरकाच्या भीतीने जमिनी चर्चला देतात, राजाला त्या हव्या असतात, म्हणून आर्चबिशप एकामागून एक मरतात आणि शेवटी झूल एडमंडच्या अंगावर. तिथे इतिहास आणि विनोद एकाच दोरीने ओढतात. बाकी पाच भागांत नुसता घोड्यांचा खर्च.

मधलीसुट्टी
सहातला एक पदरात पडला. उद्या चेटकिणी शोधणाऱ्याच्या भागावर भांडू.