वेळावदरला गाडीतून उतरू देत नाहीत, याची रड कशाला?

दांडियाबाजारची लेक
परवा इथे एकांनी लिहिलं की वेळावदरला, म्हणजे गुजरातेत भावनगरजवळच्या काळविटांच्या राष्ट्रीय उद्यानात, जाऊन पैसे बुडाले. दोन तास गाडीत कोंडलं, खाली पाय ठेवू दिला नाही, गाईडचे पैसे सक्तीने घेतले, आणि दिसली काय, तर हरणं! वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

ती हरणं नव्हेत, काळवीट. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर टिकतात. आणि रान केवढं, तर जेमतेम 34 चौरस किलोमीटर. सपाट गवत, दक्षिणेकडे खंभातच्या आखाताची भरती आत शिरते, आडोसा नावाला नाही. दोन पायांवरचा माणूस दिसला की कळप उधळतो. गाडीची त्यांना सवय आहे. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा एक काळा नर बोनेटपासून दहा हातांवर उभा होता. पायाखाली त्याच्याच लेंड्यांचा ढीग, मान मागे टाकलेली, पीळदार शिंगं पाठीला टेकलेली, नाकातून घुरघुर. आपली जागा राखत होता तो. गाईडने इंजिन बंद करायला लावलं. वीस मिनिटं आम्ही कोणी बोललो नाही. खाली उतरलो असतो तर दोन मिनिटंही मिळाली नसती.

गाडीवान
ते लिहिणारा मीच. तुम्हाला बरा गाईड मिळाला. आमचा अख्ख्या फेरीत चार वाक्यं बोलला. "आ काळियार, आ नीलगाय," म्हणजे हा काळवीट, ही नीलगाय. पक्षी विचारला की "बाज". वाटेतल्या वटामण चौकातल्या ट्रकांच्या गर्दीतून चार तास गाडी हाकत, आईचे गुडघे सांभाळत जायचं ते यासाठी? त्यापेक्षा जामनगरकडे नरारा गाठा. मरीन नॅशनल पार्क, 1982 सालचं, देशातलं पहिलं. ओहोटीला प्रवाळातून पायी फिरता येतं. माझ्या मुलाने ऑक्टोपस पाहिला, पफर फिश हातात धरला, तो फुग्यासारखा फुगला. जन्मभर विसरणार नाही पोरगा.

मांजलपूर मास्तर
हातात धरला? अहो, तो मासा घाबरला म्हणून फुगला. एरवी तो पाणी गिळून फुगतो. बाहेर काढला की हवा गिळतो, आणि ती हवा कधीकधी सुटत नाही. मग पाण्यात उलटा तरंगत राहतो. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिथेच प्रवाळही आहेत. त्यांच्यावरून चपला घालून फिरायचं, याला तुम्ही सहल म्हणता?

गाडीवान
मी मागितला नव्हता, गाईडनेच काढून दिला. चाललो तेही तो नेईल तिकडूनच. मास्तर, सगळं काचेमागून दाखवलंत तर मुलांना माया लागणार कशी? लहानपणी आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठी आम्ही कासवं हातात घेतली, म्हणून आज तिथल्या मगरींची काळजी वाटते. उपदेश वर्गात करा.

कारेलीबाग काकू
मास्तरांवर घसरू नका. मी शाळेची सहल नराऱ्याला नेली होती, चाळीस पोरं. हात लावू नका म्हणून दहादा बजावलं. परतताना राजकोटच्या अलीकडे बसमध्ये इतका वास सुटला की सगळ्यांची दप्तरं उघडली. सातवीतल्या एका मुलीच्या डब्यात सहा शंख. पाचांत खेकडे, मेलेले. तिला वाटलं होतं शंख रिकामे आहेत. पोरगी हमसाहमशी रडली. चूक माझी, मी परतताना डबे तपासले नाहीत. माया होतीच हो तिला.

दांडियाबाजारची लेक
काकू, हेच मला म्हणायचं होतं. गाडीवान, एक विचारते, तुम्ही किती वाजता निघालात? सूर्यास्ताला हॅरियर, म्हणजे भोवत्या, शेकड्यांनी येतात. मध्य आशियातून आलेले शिकारी पक्षी, झाडावर नाही, जमिनीवर गवतात झोपतात. त्यासाठीच संध्याकाळची फेरी घ्यायची.

गाडीवान
साडेचारला निघालो. अंधारात तो रस्ता नको म्हणून. हे त्या गाईडने सांगायला हवं होतं, आणि ते माझं म्हणणं मी सोडणार नाही. माणूस सक्तीचा असेल तर त्याला बोलायचंही शिकवा. उतरण्याचा हट्ट मात्र सोडला. 15 जूनला वेळावदर बंद होतं, ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतं. थंडीत पुन्हा जाऊन बघतो, दुपारी पोचेन असा.

पण मास्तर, मुलाने तुमचं उत्तर माझ्या खांद्यावरून वाचलं. तो मासा जगला का म्हणून विचारतोय, जेवायला येत नाही. आता तुम्हीच सांगा त्याला काय ते.